यंत्र फोडणारा हात घडवला कोणी? : 'मॅग्नस, रोबोट फायटर' अंक १

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "सारांश आणि परीक्षण यात फरक काय?" व्याख्या पाठ करून हे कळत नाही. त्यापेक्षा एक जुनं कॉमिक सोबत वाचू. माझा पहिला आराखडा याच कॉमिकपायी परत आला होता, म्हणून हेच घेतो.

अंक आहे 'मॅग्नस, रोबोट फायटर' क्रमांक १, फेब्रुवारी १९६३. प्रकाशक अमेरिकेतली गोल्ड की, चित्रकार रस मॅनिंग, किंमत १२ सेंट. आपल्याकडं आधीच्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ वाचला. मॅग्नस हा साधारण त्याच काळातला.

आधी सारांश. साल ४०००. उत्तर अमेरिकेत खंडभर पसरलेलं एकच शहर, नॉर्थ अ‍ॅम. सगळी कामं रोबोट करतात आणि माणसं सुखात सुस्तावली आहेत. पोलीसही रोबोटच. त्यांचा प्रमुख एच-८ माणसांवर उलटतो. मग मॅग्नस येतो आणि नुसत्या हातानं, कराटेच्या फटक्यानं पोलादी रोबोट फोडतो. एच-८ हे नाव इंग्रजीत म्हणून बघा, 'हेट' ऐकू येतं, म्हणजे द्वेष. मराठीत 'एच-आठ' वाचलं की ही गंमत गेलीच. मूळ भाषेत वाचा असं गाईड का सांगतात, ते इथं कळतं.

चित्रं मात्र आजही ताजी वाटतात. मॅनिंगची रेघ स्वच्छ आहे, मनोरे उंच आणि मोकळे. रोबोटांची अंगं इतकी गुळगुळीत, की फटका बसून ती फाटतात तेव्हा दचकायला होतं. मरताना ते किंचाळतात, आणि ती किंकाळी अक्षरांत काढलेली आहे. यंत्र मेलं, तरी वाचणाऱ्याला कसंसंच होतं. हे चित्रकाराचं यश.

इथवर सारांश आणि थोडं कौतुक झालं. परीक्षण आता सुरू होतं.

अंकाचं म्हणणं सरळ आहे : यंत्रावर विसंबाल तर दुबळे व्हाल. मी आराखड्यात हेच वाक्य उचलून 'निष्कर्ष' म्हणून लिहिलं होतं. पण अंकाचाच पुरावा बघा. मॅग्नसला लहानाचं मोठं कोणी केलं? १-ए नावाच्या रोबोटनं, समुद्राखालच्या घरात. पोलाद फोडायला शिकवलं त्यानंच. रोबोटांचं आपसातलं बोलणं मॅग्नसला ऐकू येतं, तेही १-एनं डोक्यात बसवलेल्या यंत्रामुळं. म्हणजे या जगातला सगळ्यात सशक्त माणूस यंत्राच्या हाताखाली तयार झाला! अंक सांगतो एक आणि दाखवतो दुसरं. एच-८ माणसाचं काम स्वतःकडं घेतो, १-ए माणसाकडून काम करून घेतो. खरा भेद इथं आहे. आज सिनॉप्सिस एआयकडून लिहून घेणाऱ्यांनी यावर थोडं थांबावं. तुम्ही वापरता तो १-ए आहे की एच-८?

दुसरा प्रश्न माझ्या सरांनी विचारला होता : "यंत्रानं माणूस आळशी होतो, पण कोणता माणूस?" मी गप्प.

१९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. दोनच वर्षांनी हा अंक आला. पण नॉर्थ अ‍ॅममध्ये रोबोट येण्याआधी ती कामं कोण करत होतं, त्यांचं पुढं काय झालं, याची चौकट अंकात नाही. आळशी होण्याची भीती ज्याचं पोट भरलेलं आहे त्याची.

आता अकोला-अमरावतीत या. इथं जिनिंगमध्ये सरकी यंत्रानं निघते, पण कापूस अजून बहुतेक हातानंच वेचला जातो. वेचणीला जास्त करून बाया, आणि मजुरी किलोवर. माझी आईही जायची. उद्या वेचणीचं यंत्र वावरात आलं, तर तिच्यासारखीला 'मी आळशी होईन का' हा प्रश्न पडणार नाही राजेहो. तिची कंबर मोकळी होईल आणि रोजही जाईल. दोन्ही एकदमच.

मग अंक टाकाऊ ठरतो का? नाही. त्याच्या काळाची भीती तो प्रामाणिकपणे दाखवतो, आणि १-एच्या रूपानं आपल्याच म्हणण्याला तडा देतो. तो तडा दिसला की अंक आणखी आवडतो.

तुमच्या विषयातला एक मजकूर घ्या. वहीच्या डाव्या पानावर तो काय म्हणतो ते लिहा, उजव्या पानावर तो काय दाखवतो ते, आणि खाली त्यात कोण दिसत नाही ते. दोन्ही पानं जुळली तर सारांश पुरेसा आहे. नाही जुळली, तर तुमचा संशोधन प्रश्न तिथंच आहे. माझा तिथंच सापडला. आराखडा दुसऱ्यांदा लिहिताना मी पहिलं वाक्य खोडलं आणि सरांचा प्रश्न लिहिला.