टेपवरची मैफल

संगीतावर समीक्षा लिहिण्याइतका माझा कान तयार नाही, ह्याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. तरीही एका मैफलीबद्दल अधिकारवाणीने बोलू शकेल असा आमच्या गल्लीत आता मीच काय तो उरलो आहे. ती मैफल म्हणजे स्पेक्ट्रम संगणकाची कॅसेट.

१९८८ साली धाकटा भाऊ मुंबईहून हे यंत्र घेऊन जळगावला आला. वहीएवढा डबा, रबरी बटणं, ४८ के स्मृती.

"पडदा कुठाय?" मी विचारलं.

"आपला टीव्ही."

"आणि केलेलं साठवायचं कशात?"

"आपला टेपरेकॉर्डर आहे की!"

घरात आहे त्यातच भागवायचं, हे तत्त्व सौ.ला इतकं पटलं की तिने त्याला दुसऱ्यांदा चहा विचारला.

आता मैफलीविषयी. लोडचा हुकूम देऊन कॅसेट लावली की आधी पाचेक सेकंद एकसुरी शिट्टी; टीव्हीच्या कडांवर लाल-आकाशी पट्टे. मग इवलीशी किरकिर, पुन्हा शिट्टी, आणि पिवळ्या-निळ्या पट्ट्यांसकट जे सुरू होई ते थेट पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटल्यासारखं. शून्यासाठी आखूड ठोका, एकासाठी लांब; असे सेकंदाला सुमारे १,५०० आकडे. सगळी ४८ के भरायला चारपाच मिनिटं. आलाप सुसह्य, द्रुत असह्य आणि भैरवीच्या जागी बहुतेक वेळा 'टेप लोडिंग एरर'. मग आवाज जरा वाढवा, हेडचा स्क्रू किंचित पिळा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात मे महिन्यात वीज गेली की यंत्राची पाटी कोरी आणि आमची बनियनं ओली.

ह्याच युक्तीची थोरली पाती म्हणजे व्हिडिओटेप. अमेरिकेत कॉर्व्हस कंपनीने १९८०च्या सुमारास हार्ड डिस्कवरचा मजकूर घरगुती व्हीसीआरवर उतरवायची सोय विकायला काढली. पुढे नव्वदच्या दशकात रशियात आर्विद नावाचं कार्ड निघालं. तीन तासांच्या कॅसेटवर २ जीबीपर्यंत माल मावे. गंमत अशी की आपल्या ऑडिओ कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते आणि व्हीएचएसची अडीचसुद्धा नाही. मग जास्त मावतं कसं? तर तिथे हेड बसवलेला ढोल आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ फेरे घेतो आणि फितीवर तिरक्या रेघा ओढत जातो. धुळ्याच्या आत्याचं जातं असंच चाले. दाणे मुठीमुठीने सावकाश, फिरायचं काम दगडाचं.

कल्पना हुशार, हे कबूल. कॉम्पॅक्ट डिस्कचा सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा आकडादेखील व्हिडिओटेपवर आवाज साठवण्याच्या सोयीतूनच ठरला. पण 'घरातलंच यंत्र वापरा' ह्या बोलण्याला माझा आक्षेप आहे. आमच्याकडे व्हीसीआर यायचा तो एका रात्रीच्या भाड्याने, तीन सिनेमांसकट. ओसरीवर गल्ली जमलेली असताना "थांबा, आधी तासभर काळे-पांढरे ठिपके बघू" म्हणणाऱ्याला खानदेशात शेवभाजी मिळाली नसती. शिवाय सिनेमात क्षणभर पांढरा ठिपका उडाला तर नायिकेचं काही बिघडत नाही, डोळा माफ करतो. हिशेबात ठिपका उडाला की आकडा बदलतो. म्हणून तपासणीचे जादा आकडे जोडा, तेच तेच पुन्हा लिहा. एवढं करून वाचायला यंत्र हवंच, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ साली हात टेकले. आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद सांभाळून आहे. ते वाचायला मोडी यावी लागते, भाड्याचं यंत्र लागत नाही.

खरा आक्षेप मात्र निराळाच, आणि तो सांगायची मला जरा लाज वाटते. टेपला आपल्या पोटात काय आहे ह्याची दाद नसते. १९८५च्या दिवाळीत मी आत्याला जात्यावर बसवून तिच्या अहिराणी ओव्या एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर घेतल्या होत्या. कॅसेटच्या मागची प्लास्टिकची जीभ मोडली की तिच्यावर पुन्हा काही चढत नाही, हे मला ठाऊक होतं. मोडली नाही. चांगली कॅसेट, पुढे कधी लागेल! ती लागली. भावाच्या मदतीने मी घरखर्चाचा प्रोग्रॅम लिहिला, आणि कोरी कॅसेट आणायला रात्री कोण जाणार? जपून ठेवायचं म्हणून तो लागोपाठ चार वेळा साठवला. आत्या १९९१ साली गेली. प्रोग्रॅम आम्ही एकूण दोन महिने वापरला. दूध, किराणा, पेपर.

गेल्या वर्षी माळा आवरताना ती कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डर शेजाऱ्यांकडून आणला. शिट्टी, किरकिर, शिट्टी, गिरणी, असं चार वेळा. सौ. कान झाकून स्वयंपाकघरात निघून गेली. मी बंद करणार तेवढ्यात खट्ट झालं आणि जात्याची घरघर ऐकू आली. ओवी अर्धीच होती. ती थांबवून आत्या विचारत होती, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

सौ. पुन्हा दारात येऊन उभी राहिली. बाजू संपायला अजून दहाएक मिनिटं होती.