शब्द आणि अभिप्राय : पांडवदऱ्याच्या निमित्ताने

भोरच्या पंचक्रोशीत, शिरवळजवळच्या डोंगरात, प्राचीन बौद्ध लेण्यांचा एक समूह आहे. लोक त्यास 'पांडवदरा' म्हणतात. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांनाही 'पांडवलेणी' हेच नाव रूढ आहे. या नावांवर दोन प्रकारची भाष्ये होतात. एक पक्ष नावालाच पुरावा मानून लेणी पांडवांच्या पदरात टाकतो. दुसऱ्या पक्षाला, आणि त्यात आमचेही काही अभ्यासक येतात, त्या नावात केवळ कारस्थान दिसते. आमच्या मते दोघांचा दोष एकच आहे. दोघेही शब्दाला चिकटले. बोलणाऱ्याचा अभिप्राय कोणीच पाहिला नाही.

खेड्यातला माणूस एखादी वस्तू 'पांडवांच्या काळची' म्हणतो, तेव्हा ती आठवणीपलीकडची जुनी आहे एवढेच त्याला सांगावयाचे असते. भिक्षुसंघ उरला नाही, ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत. मग हा कातळ कोणी कोरला, या प्रश्नाला लोकांनी दिलेले ते उत्तर होय. परंपरा तुटल्याची ती खूण आहे.

अंगुत्तर निकायात 'नीतत्थ' म्हणजे स्पष्ट अर्थाची आणि 'नेय्यत्थ' म्हणजे अर्थ उलगडून घ्यावा लागणारी, असा सुत्तांचा भेद केला आहे. त्यांची अदलाबदल करणारा तथागतांवर आळ घेतो, असे तेथे सांगितले आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाच सुत्तांच्या आधारे दाखविले, की खुद्द भगवंतांच्या हयातीतच त्यांच्या वचनांचा विपर्यास होत होता. म्हणूनच त्यांनी बुद्धिसंगती, तर्कसंगती आणि लोककल्याण यांची कसोटी सांगितली.

तथापि अभिप्राय शोधणे म्हणजे आपल्या मनाजोगता अर्थ दुसऱ्याच्या मुखी घालणे नव्हे. त्या पाच सुत्तांतील अलगद्दूपम सुत्तात चुकीच्या ठिकाणी धरलेला साप धरणाऱ्यालाच डसतो. अर्थालाही पुराव्याची पकड हवी. नाशिकला ती शिलालेखांत मिळते : नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघास दिलेले लेणे व दाने तेथे कोरलेली आहेत. शिरवळला ती चैत्यगृहातील दगडी स्तूपात मिळते.

तेव्हा पांडवदऱ्यात मुलांना नेणाऱ्या उपासकांनी गावकऱ्यास खोटे पाडू नये. त्याचे म्हणणे आधी नीट ऐकावे, लेणी फार जुनी आहेत हे त्याचे खरे म्हणणे मान्य करावे, आणि मग त्यालाही सोबत घेऊन स्तूपासमोर उभे राहावे. लेणी कोणाची, हे तेथे सांगता येईल.