मी, दुर्गा खोटे

अभिनेत्री दुर्गा खोटे (१९०५–९१) ह्यांचे मराठी आत्मचरित्र. प्रकाशन १९८२. मूळच्या गोव्याच्या, मुंबईत स्थायिक झालेल्या लाड कुटुंबात लेखिकेचा जन्म झाला. उत्तरायुष्यात त्यांचे वास्तव्य रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील अलिबाग येथे होते. विसाव्या शतकाच्या आरंभीचे एक सुखवस्तू एकत्र कुटुंब आणि त्यातील मुलीचा चित्रपटसृष्टीत झालेला प्रवेश, हे ह्या ग्रंथाचे दोन प्रमुख विषय होत.

गिरगावातील कांदेवाडीचे माहेर, कॅथीड्रल शाळा व सेंट झेव्हिअर्स महाविद्यालय येथील शिक्षण आणि खोटे घराण्यातील विवाह हा बाल्य-तारुण्याचा भाग केवळ प्रास्ताविक नाही. पुढील आयुष्याचे मोजमाप करण्याची फूटपट्टी तोच पुरवितो. सासरची आर्थिक स्थिती खालावल्यावर दोन मुलांच्या पालनपोषणासाठी लेखिकेने अर्थार्जन सुरू केले. फरेबी जाल (१९३१) ह्या चित्रपटातील लहानशा भूमिकेने त्यांच्यावर लोकनिंदा ओढवली. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’च्या अयोध्येचा राजा (१९३२) मधील तारामतीने त्यांना कीर्ती दिली. कुलीन स्त्रीने चित्रपटात काम करणे निषिद्ध मानले जात असताना ह्या दोन घटनांमध्ये जे पणास लागले होते, त्याचे खरे मोल कांदेवाडीच्या घराची ओळख झाल्यानंतरच वाचकास उमगते. घराच्या प्रतिष्ठेने ह्या धाडसाला बंधन घातले, तसेच बळही दिले. ग्रंथाचे खरे महत्त्व ह्या दुहेरी नात्याच्या चित्रणात आहे.

निवेदन सरळ असून त्याला बोलण्याचा ओघ आहे. मात्र कुलीनतेचे जे संरक्षण लेखिकेस लाभले, ते गाण्या-नाचण्याच्या परंपरेतून चित्रपटात आलेल्या स्त्रियांच्या वाट्यास आले नव्हते, हे वाचकाने ध्यानी ठेवणे आवश्यक ठरते. ह्या दृष्टीने हंसा वाडकर ह्यांच्या सांगत्ये ऐका (१९७०) ह्या आत्मकथनाशी तुलना उद्‌बोधक आहे. तेथे घरच मुलीला अर्थार्जनासाठी चित्रपटात धाडते. येथे घराची चौकट ओलांडून स्त्री अर्थार्जनास बाहेर पडते. एकाच व्यवसायातील ही दोन कथने एकत्र वाचल्यास त्या काळातील अभिनेत्रीच्या सामाजिक स्थानाचे चित्र अधिक पूर्ण होते. शान्ता गोखले ह्यांनी ह्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला आहे (२००६).