खान्देशात लवंग

मला कादंबरी लिहायची आहे. वय पासष्ट, शिक्षण दहावी, शेती सात एकर, त्यात निम्मी केळी. यातलं काही कादंबरीच्या आड येतं असं मला वाटत नाही. आड येतं ते एकच. मला लिहायची ती दुष्काळाची नाही. साहसाची आहे, थोडी गमतीची, थोडी चमत्काराची. हे सांगितलं की समोरचा हसतो, नाहीतर गप्प होतो. शहरातल्या एका जाणत्या वाचकाने तर सरळच सांगितलं, "तुम्ही कर्ज लिहा, नापिकी लिहा. बाकीचं लिहायला दुसरे आहेत."

म्हणजे रडायचं काम आमच्याकडे आणि गमतीचा ठेका दुसऱ्यांकडे!

रात्रीची लाइट असते तेव्हा मोटर चालू करून बांधावर बसलेली माणसं काय बोलतात, ते या गृहस्थाने कधी ऐकलेलं नसणार. कर्जाचं कोणी काढत नाही, ते सगळ्यांना पाठच आहे. चकव्याच्या गोष्टी निघतात. अमक्याच्या आज्याने भुताकडून रातोरात पाटाचं पाणी वळवून घेतलं, अशा. आणि ती सांगताना पाट कुठून निघाला, बारं कोणाच्या वावरात फुटलं, सगळं चोख असतं. भूत तेवढं खोटं.

माझ्या मते हा सगळा धंदा यावरच चालतो. अद्भुत लिहिणाऱ्याने एक खोटं बोलावं, बाकी सगळं टेप लावून मोजावं.

ज्यूल व्हर्नचं ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायचं पुस्तक घ्या. १८७३ सालचं फ्रेंच पुस्तक. आपल्याकडे व्हर्न पोचवला तो भा. रा. भागवतांनी, ज्यांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सगळ्यांना माहीत आहे. मी लहानपणी संक्षिप्त वाचलं होतं. मागच्या पावसाळ्यात नात इंग्रजीतून पूर्ण पुस्तक वाचत होती. ती वाचायची आणि अर्थ सांगायची, मी ऐकायचो. फॉग नावाचा साहेब वीस हजार पौंडांची पैज लावून लंडनहून निघतो, मुंबईत उतरतो आणि रात्रीच्या गाडीत बसतो. सकाळी गाडी आमच्या खान्देशात येते. मी सावरून बसलो. नात म्हणाली, "आबा, इंजिनाचा धूर कपाशीवर, कॉफीवर, जायफळावर, लवंगेवर आणि मिरीवर पसरला असं लिहिलंय."

मी म्हटलं, पुन्हा वाच.

तेच निघालं. कपाशी बरोबर आहे बापा, पण कॉफी? लवंग? आमच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो. तिथे लवंगेचं रोप लावलं तर अक्षय्य तृतीयेपर्यंत त्याचं सरपण होईल. व्हर्न हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. मसाल्याचा देश म्हणून ऐकलं आणि दिसेल त्या रानात मसाला पेरला.

आता याच पुस्तकातलं दुसरं खोटं बघा. गाडी पुढे जंगलात थांबते आणि गार्ड सांगतो, उतरा, इथून अलाहाबादपर्यंत रूळच टाकलेले नाहीत. तिकीट मात्र थेट कलकत्त्याचं विकलेलं! खरी गोष्ट अशी की मुंबई-कलकत्ता लोहमार्ग मार्च १८७० मध्येच जोडला गेला होता, आणि फॉगचा प्रवास आहे १८७२ च्या ऑक्टोबरातला. म्हणजे हे लवंगेपेक्षा मोठं खोटं. पण त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. रूळ संपले नसते तर हत्ती आला नसता, आणि हत्ती आला नसता तर पुस्तकाचा सगळा मजा गेला असता. ते खोटं गोष्टीचं ओझं वाहतं. लवंग नुसती बांधावर उभी आहे, काही वाहत नाही, सावलीसुद्धा देत नाही.

हत्तीचा सौदा तर मी नातीकडून तीनदा वाचून घेतला. मालकाने तो हत्ती झुंजीसाठी तयार करायला काढलेला आणि त्यासाठी तीन महिने साखर-लोणी चारलेलं. भाड्याने द्यायला तो तयार नाही. तासाला दहा पौंड, वीस, चाळीस, नाही म्हणजे नाही. मग फॉग विकतच मागतो. हजार. बाराशे. पंधराशे. अठराशे. शेवटी दोन हजारांत सौदा तुटतो. सोबतचा लष्करी साहेब मध्येच बाजूला घेऊन सांगतो की जरा विचार करा, नोकर पांढराफटक पडतो, आणि फॉगच्या तोंडावरची रेष हलत नाही. व्हर्नने मालकाच्या डोळ्यांत लोभ दाखवलाय. मला तो हुशार वाटला. गिऱ्हाईक स्वतःच चढत असेल तर आमच्या बैलबाजारातला कोणीही तोंड बंदच ठेवील. फॉगने रुमालाखाली बोटं धरली असती तर निम्म्यात काम झालं असतं. ही सगळी जागा साहसाची नाही, बाजाराची आहे, आणि तिथेच पुस्तक खरं होतं. दाव्याला काय बांधलंय, त्याला खायला काय घातलं आणि सोडवायला किती लागले, हे कळलं की मग तो हत्ती जंगलातून कसाही पळू दे, मी मागे पळायला तयार.

पुढे चितेवरून बाईला सोडवायचा प्रसंग आहे. जीव धोक्यात घालून चितेवर चढतो तो नोकर, आणि लोकांना वाटतं मेलेला राजाच उठला. भीती आणि हसू एकाच वेळी. हे जमवणं फार कठीण. मालक पैसा मोजतो आणि नोकर आगीत जातो, हे व्हर्नच्या ध्यानात होतं की नाही कोण जाणे. सालदार ठेवणाऱ्या गावात ते लगेच कळतं.

चमत्काराच्या बाबतीत मात्र आपली सिंहासनबत्तिशी मला व्हर्नच्या पुढची वाटते. तिच्या एका पाठात शेताची राखण करणारा ब्राह्मण आहे. उंचवट्यावरच्या माळ्यावर बसला की तो उदार होतो, भोजराजाच्या सगळ्या लवाजम्याला हाका मारतो, या, कणसं खा, शेत तुमचंच आहे. पाखरं हाकायला खाली उतरला की त्याच माणसांवर ओरडतो, माझं पीक तुडवलं म्हणून. पुन्हा वर चढला की पुन्हा उदार. कारण खाली विक्रमाचं सिंहासन पुरलेलं आहे. ज्याने दादरीच्या राखणीला गोफण फिरवलीय, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. माळ्यावरून शेत पिवळंधमक आणि अमाप दिसतं. खाली उतरलं की प्रत्येक धाट वेगळं दिसतं आणि किती कणसं पाखरांनी टिपली तेही. जादू एकच, तिचा नियम एकच, वर आणि खाली. बाकी पाखरं, पीक, माणसाचा चिकटपणा सगळं खरं. हल्ली नातवंडं बघतात त्या कार्टूनांत मात्र दर पाच मिनिटांनी नवी शक्ती निघते. अडचण आली की शक्ती हजर. मग अडचण राहिली कुठे?

म्हणून माझ्या कादंबरीत मी एकच खोटं ठेवलंय. बैल बोलतो. तोही वर्षातून एकदा, पोळ्याच्या दिवशी, सकाळी अंघोळीपासून संध्याकाळी शिंगांवरचं बेगड उतरेपर्यंत. वर्षभराचा हिशेब त्याला एका दिवसात सांगायचा असतो, त्यामुळे तो फार भरभर बोलतो. चोर त्याला पोळ्याच्या आदल्या रात्री नेतात आणि म्हातारा मालक आणि सालदाराची पोर त्याच्या मागावर निघतात. दिवस मावळायच्या आत गाठलं तर बैलच सांगेल चोर कोण ते, नाहीतर वर्षभर थांबा.

सध्या तिसऱ्या प्रकरणात अडलोय. चोर तापीच्या पलीकडे गेलेत, श्रावणी अमावस्या आहे, नदीला पूर आहे, आणि बैलाला पोहता येतं पण म्हाताऱ्याला येत नाही. पूल दहा किलोमीटर वर आहे. टेंपो करावा तर भाडं किती होईल ते परवा आठवडेबाजारात विचारून आलो. ते म्हाताऱ्याच्या खिशात आहे की नाही हे पहिल्या प्रकरणात जाऊन बघावं लागेल.