देवनागरी म्हणजे हिंदी नव्हे : फलकांच्या यांत्रिक वाचनासंबंधी काही विचार

रस्त्यावरील व स्थानकांवरील फलकांच्या छायाचित्रांतून मजकूर वाचून घेणे, ही संगणकीय दृष्टीच्या संशोधनातील एक बिकट समस्या होय. ऊन, सावली, तिरपा कोन आणि रंगाऱ्याचे वळण यांमुळे फलकावरील अक्षराचे रूप सतत पालटत असते. भारतीय लिपींच्या बाबतीत या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी मिनेश मॅथ्यू, मोहित जैन व सी. व्ही. जवाहर यांनी हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतून २०१७ साली केली. शब्दाची अक्षरे न तोडता तो अखंड वाचावयाचा आणि शिक्षणासाठी युनिकोड टंकांतून कृत्रिम शब्दचित्रे घडवावयाची, ही त्यांची पद्धती. शिरोरेषेने जोडलेल्या देवनागरीस ती विशेष अनुकूल आहे, यात शंका नाही.

या प्रयोगात देवनागरीची चिन्हे सुमारे ७६ टक्के, तर संपूर्ण शब्द सुमारे ४३ टक्के अचूक वाचले गेले. हे आकडे एकत्र पाहिले पाहिजेत. चुका सर्वत्र सारख्या विखुरल्या असत्या, तर ढोबळ हिशेबाने सहा चिन्हांचे शब्द शंभरात एकोणीसच अचूक वाचले गेले असते. ४३ टक्के हे प्रमाण केवळ तीन चिन्हांच्या शब्दांना शोभते. म्हणजे काही शब्द निर्दोष वाचले जातात व काहींत चुकांची गर्दी होते, असे अनुमान निघते. ते शब्द कोणते, हाच खरा प्रश्न होय. सरासरीतून त्याचे उत्तर मिळत नाही.

संजना गुन्ना, रोहित सलुजा व जवाहर यांच्या २०२१ च्या निबंधात एका भारतीय भाषेचे शिक्षण दुसरीस कसे उपयोगी पडते याचा विचार असून, परिणामांतही सुधारणा दिसते. तथापि, पूर्वी ‘देवनागरी’ म्हटलेला चित्रसंग्रह येथे ‘हिंदी’ या नावाने येतो. हा केवळ नामभेद नव्हे. कृत्रिम शब्दचित्रांसाठी शब्द कोणत्या भाषेतून घ्यावयाचे, यावर यंत्राच्या दृष्टीस कोणते अक्षर किती वेळा पडणार हे अवलंबून असते. आणि हिंदीच्या नित्य लेखनात ‘ळ’ जवळजवळ आढळत नाही.

कर्जत-खोपोली मार्गावरील पळसदरी व केळवली ही लागोपाठची स्थानके या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. हिंदी शब्दांवरच पोसलेले यंत्र पहिल्याचे ‘पलसदरी’ करील, हा धोका उघड आहे. ‘केळवली’त तर ‘ळ’ व ‘ल’ दोन्ही असल्याने यंत्राचा विवेक तेथे खरा कसास लागेल. ‘काळ’ आणि ‘काल’, ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांत एका अक्षराने अर्थच पालटतो. सरासरीच्या हिशेबात मात्र ती एकाच चिन्हाची चूक ठरते.

म्हणून मराठी फलकांचा स्वतंत्र परीक्षासंग्रह करून ‘ळ’ व ‘ऱ्य’ यांच्या वाचनाचे परिणाम वेगळे नोंदविणे अगत्याचे आहे. ज्या यंत्राकडून पुढे जुने नकाशे व दप्तरे वाचून घ्यावयाची, त्याने आज गावांची नावे बदलली, तर ती चूक नोंदींतून नोंदींत उतरत जाईल. लिपी एक असली तरी भाषा एक नसते, हे संशोधकांनी विसरता कामा नये.