उकडलेल्या बटाट्याची कैफियत

साहेबाच्या जेवणाची थट्टा हा आपल्याकडचा जुना आणि बिनखर्चाचा विनोद आहे. पाण्यात उकडलेली कोबी, चिमूटभर मिठावर भागवलेला बटाटा आणि हे सारे गिळताना राखलेला तो गंभीर चेहरा, एवढे वर्णन केले की हशा ठरलेला. गंमत अशी की, यात आपले असे फारसे काही नाही. आपल्या स्वयंपाकाची नालस्ती इंग्रज माणूस स्वतः इतक्या हौसेने करतो की, परक्याला त्यात भर घालण्याचे कामच उरत नाही.

या नालस्तीविरुद्ध एका मोठ्या लेखकाने वकीलपत्र घेतले होते. तो लेखक म्हणजे जॉर्ज ऑर्वेल. 'ॲनिमल फार्म' आणि 'नाइन्टीन एटी-फोर' या पुस्तकांमुळे तो आपल्या वाचकांना ठाऊक आहे. जन्म १९०३ सालचा, बिहारमधल्या मोतीहारीचा, म्हणजे तसा आपल्या बाजूचाच. १५ डिसेंबर १९४५ रोजी लंडनच्या 'ईव्हिनिंग स्टँडर्ड' या पत्रात त्याने इंग्लिश पाककलेच्या समर्थनार्थ एक लेख लिहिला आणि त्यानंतर महिना उलटायच्या आत, १२ जानेवारीला, चहावर दुसरा. दोन्ही लेख चिमुकले. टीकाकार त्यांना ऑर्वेलच्या ताटाची डावी बाजू समजतात, चटणी-कोशिंबिरीसारखी. मला मात्र ते त्याच्या मुख्य अन्नाचाच भाग वाटतात. आणि म्हणूनच त्यांत एक मीठ कमी पडले आहे, हेही सांगितले पाहिजे.

लेखाची मांडणी अगदी साधी आहे. युक्तिवाद थोडा, यादीच मोठी. धुरी दिलेले किपर मासे, यॉर्कशायर पुडिंग, डेव्हनशायरची साय, क्रंपेट, ख्रिसमसचे पुडिंग, काळसर प्लम केक, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, स्टिल्टन आणि वेन्स्लीडेल ही चीज. मग मटणाबरोबरची पुदिन्याची चटणी, आणि भाजत्या मांसाच्या तुकड्याखाली त्याच्याच रसात खरपूस झालेले बटाटे. आपल्या थट्टेतला तो बिचारा उकडलेला बटाटाही इथे हजर आहे. पण तो कोवळा, पुदिन्याच्या पानांबरोबर शिजवलेला आणि वितळलेल्या लोण्याने न्हालेला. वाचता वाचता लक्षात येते की, हा माणूस बाजू मांडत नाही, आठवण काढतो आहे. कारण त्या वेळी यांतले बरेचसे पदार्थ मिळतच नव्हते. ८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी आणि साखर यांपासून सुरू झालेले रेशन मांसावरचे निर्बंध उठून संपले ते ४ जुलै १९५४ ला. महायुद्ध चालू असताना मोकळा राहिलेला पाव तर युद्ध जिंकल्यावर, १९४६ च्या जुलैत, रेशनवर गेला! अशा उपासमारीच्या नव्हे, पण रुक्ष दिवसांत केलेली ही पक्वान्नांची यादी विनोदी वाटत नाही. आपल्याकडे फराळाच्या आठवणी सर्वांत चविष्ट कोण सांगतो? घरापासून दूर वसतिगृहात राहणारा मुलगा!

चहावरचा लेख त्याहून मिस्कील. उत्तम चहाचे अकरा नियम तो स्मृतिकाराच्या थाटात सांगतो. चहा हिंदुस्थानी किंवा सिलोनी हवा, हा पहिला नियम वाचून आपली छाती फुगते. पण चहात साखर घालू नये, हा शेवटचा वाचला की आपल्या घरातला एकही चहा त्याच्या कसोटीस उतरणार नाही, हे कळते. या चेष्टेच्या बुडाशीही रेशनच आहे. दोन औंस, म्हणजे पाच तोळ्यांहून किंचित कमी, चहातून नीट केल्यास वीस कडक कप निघाले पाहिजेत, असा त्याचा हिशेब आहे. हा कंजुषाचा हिशेब नव्हे. जे थोडे हाती आहे ते वाया जाऊ नये, अशी तगमग त्यात आहे.

इथवर वकील उत्तम. पण पुढे तो म्हणतो की, चांगले इंग्लिश अन्न उपाहारगृहात शोधू नका. महागड्या जागी फ्रेंचांची नक्कल चालते, स्वस्त जागी यॉर्कशायर पुडिंगचे नाव नसते. ते अन्न घरी मिळते. हे खरे असेलही. पण कोणाच्या घरी?

डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरल' हे १८४३ चे पुस्तक आठवा. क्रॅचिट या गरीब कारकुनाच्या घरचा तो हंस! सबंध जगाने त्या जेवणाचे कौतुक केले आहे. पण तो हंस घरी भाजलेला नाही. पोरे तो बेकऱ्याच्या भट्टीतून आणतात, कारण गरिबाच्या घरी भट्टी नव्हती. आणि पुडिंग उकडले आहे कपडे उकळण्याच्या हंड्यात. त्याला धुण्याच्या दिवसाचा वास येतो, हे डिकन्सने लपवलेले नाही. हा एक वास पुष्कळ इतिहास सांगून जातो. सामाईक कुरणे कुंपणांत गेली, शेतमजुराची गाय गेली, सरपण गेले. १८५१ च्या खानेसुमारीत शहरवासी खेडुतांपेक्षा अधिक भरले, आणि असे जगात प्रथम ब्रिटनमध्ये घडले. ज्या स्वयंपाकाची सारी कला भट्टी, ताजे दूध आणि परसातला भाजीपाला यांवर उभी होती, तो स्वयंपाक या तिन्हींना पारख्या झालेल्या माणसांच्या हाती राहिला. मग पाव, बटाटा आणि साखर घातलेला चहा, एवढेच उरले.

हे ऑर्वेलला ठाऊक नव्हते काय? चांगलेच ठाऊक होते. १९३७ च्या 'द रोड टू विगन पिअर' या पुस्तकात एका बेकार खाणकामगाराच्या घरखर्चाची यादी त्याने दिली आहे. नवरा, बायको, दोन लहानगी मुले आणि आठवड्याचे ३२ शिलिंग. त्या वर्गाच्या ताटात पांढरा पाव, मार्गारीन, डब्यातले मांस, बटाटे आणि गोड चहा! तेही केवळ अज्ञानाने नव्हे. हातात पैसा जितका कमी तितका तो सात्त्विक अन्नावर घालवावासा वाटत नाही, जिभेला काहीतरी चटकदार लागते, हे त्याने विलक्षण सहानुभूतीने नोंदवले आहे. तोच गोड चहा नऊ वर्षांनी त्याच्या नियमांत बाद ठरतो. १९३७ चा साक्षीदार १९४५-४६ च्या वकिलाने कोर्टात बोलावलाच नाही, ही माझी तक्रार आहे.

दुसरी तक्रार हातांची. यादीत पदार्थ आहेत. ते करणारी बाई कुठेच नाही. रविवारच्या जेवणाचेच घ्या. सकाळपासून मांस भट्टीत. कित्येक यॉर्कशायरी घरांत आधी पुडिंग आणि रस वाढायचा, म्हणजे पोटे निम्मी भरतात आणि मांस पुरते. सोमवार धुण्याचा, म्हणून उरलेले मांस थंडच. मग त्याचा खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर; मटणाचा असेल तर शेफर्ड्स पाय, बीफचा असेल तर कॉटेज पाय. उरलेली कोबी आणि बटाटा तव्यावर परतून 'बबल अँड स्क्वीक'. शिळ्या पोळीचा कुस्करा फोडणीला टाकणाऱ्या कुठल्याही गृहिणीला ही विद्या सांगावी लागणार नाही. (आपली खिचडी मात्र तिकडे जाऊन 'केजरी' झाली आणि धुरी दिलेला मासा व उकडलेली अंडी घेऊन न्याहारीला बसली, ते निराळे!)

जेवणांच्या नावांतही घरची परिस्थिती कळते. कामगाराचे 'डिनर' भर दुपारी, आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर तो जे पोटभर खातो ते 'टी'. वरच्या वर्गाचे दुपारचे ते 'लंच', 'टी' म्हणजे चार वाजताचा नाजूक पेला व काकडीचे सँडविच, आणि 'डिनर' रात्री. संध्याकाळी चहाला या म्हणणाऱ्याकडे जेवून जावे की उपाशी, हे त्याचे घराणे पाहून ठरवायचे.

हातांची उणीव बायकांनीच भरून काढली. मिसेस बीटनचे १८६१ चे गृहव्यवस्थेवरचे पुस्तक मोठी गाजरे पावणेदोन ते सव्वादोन तास उकडायला सांगते. थट्टेला थोडा आधार आहे, हे कबूल! पण रेशन संपले त्याच १९५४ साली डॉरोथी हार्टली या बाईंचे 'फूड इन इंग्लंड' आले. त्यात पदार्थांइतक्याच चुली आहेत, सरपणाचे प्रकार आहेत, भांडी आहेत, आणि बाईंनी स्वतः काढलेली चित्रे आहेत. ऑर्वेलच्या यादीत जे नाही ते नेमके इथे सापडते. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

ऑर्वेलने आणखी एकदा प्रयत्न केला. १९४६ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या सांगण्यावरून त्याने ब्रिटिश स्वयंपाकावर मोठा निबंध लिहिला. न्याहारी हे तोंडात टाकण्याचे खाणे नसून भरभक्कम जेवण आहे, असे त्यात ठासून सांगितले आणि शेवटी काही कृतीही दिल्या. टंचाईच्या दिवसांत युरोपातल्या वाचकांपुढे हा विषय नको, म्हणून कौन्सिलने तो छापला नाही. २०१९ साली माफी मागून प्रसिद्ध केला. त्या जुन्या प्रतीवर कोणा अनाम संपादकाचा शेरा आहे, मुरंब्याच्या कृतीपाशी. कृती वाईट आहे. साखर फार, पाणीही फार. ऑर्वेलवर पुष्कळ टीका झाली आहे, पण स्वतः मुरंबा करून पाहिलेल्या माणसाची अशी हीच एक माझ्या वाचनात आली.