संगमनेर परिसरातील डाइकसमूह : उगम आणि भूविवर्तनीय अन्वयार्थाची चिकित्सा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम भागात, विशेषतः संगमनेर परिसरात, बेसाल्टचे आडवे थर छेदून उभ्या भिंतींसारखे गेलेले डाइक आढळतात. डाइकच्या कडा जलद निवाल्याने बारीक कणांच्या होतात व आतील भाग तुलनेने जाड कणांचा राहतो. त्यातील स्तंभाकार सांधे भिंतीला काटकोनात, म्हणजे बहुधा आडवे असतात. रचलेल्या दगडी बांधाचा भास होतो तो त्यामुळेच.

जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातील डाइकांची चर्चा केली. तथापि, हे डाइक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे वाहक मार्ग होते काय, या प्रश्नाची भू-रासायनिक तपासणी बरीच उशिरा झाली. निनाद बोंद्रे, विल्यम हार्ट व हेतु शेठ यांचा संगमनेर डाइकसमूहावरील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉइक वँडरक्लायसेन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ही तुलना दख्खनच्या विस्तृत क्षेत्रावर नेली. नर्मदा-तापी पट्ट्यातील डाइक प्रामुख्याने पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य दिशेचे, किनारपट्टीतील बहुतांशी उत्तर-दक्षिण. नाशिक-पुणे क्षेत्रातील मात्र विविध दिशांचे आहेत. पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर या वरच्या स्तरसमूहांचे वाहक याच विखुरलेल्या डाइकांत असावेत, आणि त्यांच्या निर्मितीवेळी एकाच दिशेने कवच ताणणारे प्रबळ बल नसावे, असे प्रतिपादन पुढे आले.

हे प्रतिपादन महत्त्वाचे आहे, कारण भेगी उद्रेक म्हणजे कवच फाटणे हे पाठ्यपुस्तकी समीकरण त्यामुळे ढिले होते. परंतु त्याचा आधार सर्वत्र सारखा भक्कम नाही. रासायनिक साधर्म्य हे नात्याचे चिन्ह होय, वाहकत्वाची खूण नव्हे. एकाच मॅग्मासाठ्यातून निघालेला डाइक पृष्ठभागापर्यंत न पोहोचताही थिजू शकतो. संगमनेरला अडचण अधिक आहे. तेथील डाइक खालच्या स्तरांना छेदतात. ज्या वरच्या प्रवाहांना त्यांनी लाव्हा पुरविला असेल ते त्या जागी झिजून गेले असल्यास डाइक व प्रवाह यांचा प्रत्यक्ष सांधा दाखविता येत नाही. दिशेचा पुरावाही सावधपणे घ्यावा लागतो. मॅग्माचा दाब पुरेसा असल्यास तो खडकातील जुन्या सांध्यांतूनही वाट काढतो, व अशा डाइकची दिशा तत्कालीन ताणाबद्दल फारसे सांगत नाही. म्हणून ताण प्रबळ नव्हता, हे विधान ग्राह्य. ताण नव्हताच, हे विधान पुराव्याच्या पुढे जाणारे. दिशांच्या या विखुरलेपणावरून थेट रियुनियन उष्णस्तंभाची सिद्धी किंवा त्याचे खंडन करणे तर अधिकच घाईचे ठरते.

याच डाइकांचा भूजलाशी असलेला संबंध या वादात सहसा येत नाही. अखंड डाइक पाणी अडवितो, भेगाळलेला डाइक ते वाहून नेतो. जिल्ह्यातील अवर्षणप्रवण गावांत विहिरीची जागा ठरविताना त्याची दिशा, जाडी व सांध्यांची घनता यांची नोंद तितकीच मोलाची आहे, आणि भूविवर्तनीय विवेचनाला हवी असलेली क्षेत्रीय मोजणीही नेमकी हीच होय.